योगाच्या निरनिराळ्या शैली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, बीड आणि आसपासच्या गावांतून योगवर्गांविषयी जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. पुण्यात नोकरीला असताना मी अय्यंगार पद्धतीचा अभ्यास केला. पुढे म्हैसूर परंपरेतील अष्टांग विन्यास, बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीची पवनमुक्तासने व योगनिद्रा आणि कैवल्यधामाच्या धर्तीचा आसन-प्राणायाम असे क्रमाने शिकत गेले आणि आता लातूरला सकाळचा वर्ग घेते. उत्तरे या अनुभवावर आधारलेली आहेत. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले असून आवश्यक तेथे त्यांचा उल्लेख केला आहे.

१. शैली वेगळी म्हणजे नेमके काय वेगळे? आसने तर सगळीकडे तीच दिसतात.

आसने बहुतांशी तीच असतात. फरक पडतो तो आसनात किती वेळ थांबायचे, हालचाल आणि श्वास यांची सांगड कशी घालायची आणि शरीराला बाहेरून आधार द्यायचा की नाही, या तीन बाबींत. त्रिकोणासनाचेच पाहा. अय्यंगार पद्धतीत पुढच्या टाचेची रेघ मागच्या पावलाच्या कमानीला मिळते की नाही हे आधी तपासले जाते, हात जमिनीपर्यंत पोहोचत नसेल तर त्याखाली वीट दिली जाते आणि मग अर्धा ते एक मिनिट स्थिर राहायचे असते. अष्टांग विन्यासात पायाचा अंगठा हाताच्या बोटांनी धरून, नजर वरच्या हाताकडे ठेवून पाच श्वास मोजले जातात आणि लगेच दुसरी बाजू घेतली जाते. बिहार पद्धतीत हेच आसन पुष्कळदा सावकाश आवर्तनांनी करतात : श्वास सोडत खाली, श्वास घेत वर. शिवानंद परंपरेत (प्रश्न ६ पाहा) ते बारा मूलभूत आसनांच्या अगदी शेवटी येते, तोवर शरीर पुरते मोकळे झालेले असते. एका आसनाचे हे चार अनुभव घेतले की शैलीचा फरक पुस्तकाशिवाय समजतो, म्हणून कोणताही नवा वर्ग पाहायला गेल्यावर मी आधी तेथले त्रिकोणासन पाहते.

२. यांतली मूळची, प्राचीन शैली कोणती?

आज ज्यांना आपण शैली म्हणतो त्या सर्व विसाव्या शतकात आकाराला आल्या. साधना मात्र फार जुनी आहे. आपल्याच भागात वेरूळच्या जैन लेण्यांत, म्हणजे ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांत, पद्मासनातील तीर्थंकर आणि कायोत्सर्गात उभे असलेले बाहुबली दिसतात. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर महाराज ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बैठक, बंध आणि कुंडलिनी यांचे सविस्तर वर्णन करतात. हठप्रदीपिकेत १५ आसने सांगितली आहेत, घेरंडसंहितेत ३२. त्यांतील कित्येक बसून करायची आहेत. आज वर्गात शिकवली जाणारी उभ्याने करायची बहुतेक आसने, उड्या आणि सलग क्रम त्या ग्रंथांत सापडत नाहीत. १९३०च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत टी. कृष्णमाचार्य शिकवत होते. अय्यंगार पद्धतीचे बी. के. एस. अय्यंगार आणि अष्टांग विन्यास शिकवणारे के. पट्टाभी जोईस हे दोघेही त्यांचेच शिष्य, तरी दोघांच्या पद्धती आज एकमेकींपासून इतक्या दूर आहेत. त्यामुळे ‘आमचीच शैली मूळची’ असे कोणी सांगितले तर त्यावरून वर्ग निवडू नये.

३. अय्यंगार पद्धतीत एवढा बारकावा कशासाठी? कंटाळा येत नाही का?

अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवण्यासाठी आले आणि १९७५ मध्ये तेथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. या पद्धतीचा सगळा भर शरीराच्या ठेवणीवर आहे. मागच्या पावलाची बाहेरची कड जमिनीवर दाबा, गुडघ्याच्या वाट्या वर ओढा, खांद्याची पाती खाली न्या, अशा सूचना एकापाठोपाठ येतात आणि सुरुवातीच्या काळात तासभरात मोजकीच आसने होतात. ज्यांना घाम निघाल्याशिवाय व्यायाम झाला असे वाटत नाही, त्यांना पहिले काही आठवडे जड जातात.

माझ्यासाठी मात्र हा बारकावाच उपयोगी ठरला. ताडासनात दोन्ही टाचांवर सारखे वजन आणायला सांगितल्यावर माझा भार सतत उजवीकडे जातो हे मला कळले, आणि घरी येऊन चप्पल उलटी करून पाहिली तर उजव्या टाचेची बाहेरची कड झिजून तिरपी झाली होती. चालणे, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे राहणे, एका खांद्याला पिशवी अडकवणे या सगळ्यांत तोच कल होता. भराभर केलेल्या आसनांत तो कधीच दिसला नसता. त्यामुळे ज्याला एकाच बाजूची कंबर किंवा खांदा वर्षानुवर्षे दुखत आला आहे, त्याला मी आधी याच पद्धतीकडे पाठवते.

प्राणायाम येथे उशिरा, आसने स्थिरावल्यावर शिकवला जातो आणि पुष्कळदा छातीखाली आधार घेऊन पडूनच सुरू होतो. ज्यांना मुख्यतः मनाच्या अस्वस्थतेसाठी योग हवा आहे, त्यांनी प्रश्न ६ मधील पद्धती आधी पाहाव्यात.

४. आमच्या गावात पट्टे, ठोकळे, बोल्स्टर (जाड लोड) मिळत नाहीत. मग अय्यंगार पद्धत कशी करायची?

घरातल्या वस्तूंवर भागते, फक्त त्या निवडताना काळजी घ्यावी लागते. पट्ट्यासाठी जुन्या सुती लुगड्याची चार पदरी घडी घालून शिवलेली पट्टी उत्तम. नायलॉनची दोरी तळपायाला आणि दंडाला काचते, ती नको. भाजलेली वीट जाड कापडात गुंडाळून शिवून घ्यावी, किंवा सुताराकडून नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद व तीन इंच जाड ठोकळा कडा घासून करून घ्यावा. बोल्स्टरऐवजी गादीची घट्ट वळकटी दोन ठिकाणी बांधून वापरता येते.

सर्वांगासनासाठी घोंगडी किंवा सतरंजी चौकोनी घडीत एकावर एक अशी रचावी की खांदे आणि कोपर घडीवर राहतील व डोके खाली जमिनीवर टेकेल. त्यामुळे मानेवरचा दाब कमी होतो. घडीची गोल, बंद कड मानेच्या बाजूला हवी. खुर्ची लागेल तेथे मंगल कार्यालयात असते तशी लोखंडी घडीची खुर्ची भिंतीला टेकवून घ्यावी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात, ती आसनासाठी कधीही वापरू नये. आपल्याकडे शहाबादी फरशी सर्रास असते. तिच्यावर अंथरलेली सतरंजी घसरते, म्हणून उभ्याची आसने अनवाणी थेट फरशीवर आणि पडून करायची घोंगडीवर करावीत.

५. अष्टांग विन्यास चाळिशीनंतर सुरू करता येतो का? आणि हा पतंजलींचाच अष्टांगयोग आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. पतंजलींचा अष्टांगयोग म्हणजे यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही आठ अंगे. वर्गाच्या फलकावर दिसते ते अष्टांग विन्यास म्हणजे पट्टाभी जोईस यांनी म्हैसूरला शिकवलेली, ठरलेल्या क्रमाची आसनमालिका. ती त्या आठ अंगांवरच उभी आहे असे परंपरा मानते, परंतु फलकावरचे नाव वाचून ध्यान शिकायला आलेला माणूस येथे गोंधळतो.

पहिल्या मालिकेला योगचिकित्सा म्हणतात आणि ती पूर्ण करायला साधारण दीड तास लागतो. प्रत्येक आसनात पाच श्वास, कंठातून हलका आवाज येणारा श्वास, ठरलेली नजर आणि दोन आसनांमध्ये हातांवर भार घेऊन मागे उडी, असा तिचा घाट आहे. म्हैसूर पद्धतीच्या वर्गात शिक्षक सर्वांना एकदम सूचना देत नाहीत. प्रत्येक जण आपापला क्रम करतो आणि एक आसन जमल्यावरच पुढचे मिळते. मला ही व्यवस्था फार आवडली, कारण शेजारचा कुठवर पोहोचला याचे दडपण तेथे राहत नाही आणि मालिका पाठ झाल्यावर घरी एकट्याने सराव करणे अतिशय सोपे जाते. परंपरेने आठवड्यात सहा दिवस सराव आणि अमावास्या-पौर्णिमेला सुटी असते.

चाळिशीनंतर सुरुवात जरूर करता येते, परंतु चतुरंग दंडासन (हात व पायांच्या बोटांवर शरीर जमिनीला समांतर तोलणे) मनगट आणि खांद्यांना झेपेल अशाच गतीने. गुडघे टेकवून खाली जाणे, उडीऐवजी पाऊल मागे टाकणे आणि अर्धी मालिका करून शवासन घेणे, एवढे करणारे शिक्षक मिळाले तरच ही शैली निवडावी. प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच उड्या मारायला लावणारा वर्ग मी माझ्या वयाच्या कोणालाही सुचवणार नाही.

६. शिवानंद आणि बिहार या पद्धतींत फरक काय? दोन्ही स्वामी शिवानंदांच्याच ना?

हो. बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती हे ऋषीकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य होते. शिवानंद परंपरेचा आजचा वर्ग मात्र प्रामुख्याने त्यांचे दुसरे शिष्य स्वामी विष्णुदेवानंद यांनी जगभर नेलेल्या आराखड्यावर चालतो : कपालभाती, अनुलोम-विलोम, सूर्यनमस्कार, बारा आसने आणि मधूनमधून शवासन. हा विसावाच मला या पद्धतीचा गाभा वाटतो, कारण शरीरात काय बदलले ते त्या पडून राहण्यातच जाणवते.

बिहार योग विद्यालयाच्या, म्हणजे मुंगेरच्या पद्धतीची सुरुवात याहूनही सौम्य आहे. पवनमुक्तासनाच्या तीन गटांपैकी पहिला तर पायांची बोटे, घोटे, गुडघे, मनगटे, कोपर, खांदे आणि मान यांच्या साध्या हालचालींचा आहे, आणि तो श्वासावर लक्ष ठेवून केला की थकलेल्या माणसालाही करावासा वाटतो. योगनिद्रेत उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू करून शिक्षकाच्या आवाजामागोमाग एकेका अवयवावर मन फिरवत जायचे असते. माझ्या वर्गात झोप न लागण्याची तक्रार घेऊन आलेल्या बऱ्याच जणींना आसनांआधी याचाच आधार वाटला. ज्यांनी आयुष्यात कधीच व्यायाम केलेला नाही, त्यांच्यासाठी यापेक्षा सुरक्षित दार मला माहीत नाही.

७. कैवल्यधामाची पद्धत वेगळी मानायची का?

मानावी. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केले, आणि यौगिक क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याचे काम तेथे तेव्हापासून सुरू झाले. आसन सावकाश घ्यावे, कमीत कमी प्रयत्नात टिकवावे, थरथर सुरू होण्याआधी सोडावे, ही शिस्त तेथली आहे. वक्रासन, अर्धशलभासन, योगमुद्रा, ब्रह्ममुद्रा असा त्यांचा साधा संच महाराष्ट्रातील अनेक शाळांत आणि मंडळांत पोहोचला असून आपल्याकडील जुन्या शिक्षकांचे शिकवणे बहुधा याच वळणाचे असते.

८. टीव्हीवर पाहून रोज कपालभाती आणि अनुलोम-विलोम करतो. ही कोणती शैली झाली?

ही प्राणायामावर भर देणारी सामूहिक पद्धत आहे. पहाटे उठून श्वासाकडे लक्ष देण्याची सवय तिने गावोगावी लावली, आणि ते काम मोठे आहे. तिची मर्यादा अशी की समोरच्या माणसाला तुमचा श्वास दिसत नाही. कपालभातीत श्वास सोडणे जोरकस आणि घेणे आपोआप असायला हवे. खांदे उडत असतील, चेहरा आवळला जात असेल किंवा चक्कर येत असेल तर गती लगेच निम्मी करावी. शास्त्रात कपालभाती ही शुद्धिक्रिया मानलेली आहे, म्हणून तेवढ्यावर न थांबता तिच्यानंतर संथ अनुलोम-विलोम आणि त्याआधी थोडी आसने असा क्रम ठेवावा. कोणी ती करू नये, हे प्रश्न १४ व १५ मध्ये दिले आहे.

९. सूर्यनमस्कार नेमके कोणत्या पद्धतीचे बरोबर?

सर्वच. शाळेत शिकवतात ते दहा अंकांचे; बिहार आणि शिवानंद परंपरेत बारा स्थिती मोजतात; अष्टांग विन्यासात पहिला प्रकार नऊ आणि दुसरा सतरा विन्यासांचा (श्वासाला जोडलेल्या हालचालींचा) असून पहिल्यात एक पाय मागे नेण्याची स्थिती मुळीच नाही. महाराष्ट्रात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रचार केला. आपल्या जालना जिल्ह्यातील जांबचे समर्थ रामदास यांच्याशीही परंपरेने ही उपासना जोडली जाते आणि रथसप्तमीला ठिकठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कार होतात. एकाच सत्रात दोन पद्धतींची सरमिसळ मात्र करू नये, कारण श्वासाचा क्रम चुकतो.

१०. एक शिक्षक शीर्षासन आधी घेतात, दुसरे शेवटी. कोणाचे ऐकायचे?

ज्यांच्या वर्गात तुम्ही आहात त्यांचे. शिवानंद परंपरेत बारा आसनांची सुरुवातच शीर्षासनाने होते, अष्टांग विन्यासात ते शेवटच्या भागात येते, आणि अय्यंगार पद्धतीत त्यानंतर कधी ना कधी सर्वांगासन झालेच पाहिजे यावर कटाक्ष असतो. प्रत्येक क्रमाची पुढची-मागची आसने त्याला धरून रचलेली आहेत. एका पद्धतीचे शीर्षासन उचलून दुसऱ्या क्रमात घातले तर मानेला त्रास होण्याची शक्यता वाढते.

११. शहरांत हॉट योगा निघाला आहे. मराठवाड्यात तर उन्हाळ्यात आपोआपच तो होतो, मग करायला काय हरकत?

हरकत आहे. हॉट योगाचा मूळ प्रकार, म्हणजे बिक्रम चौधरी यांचा दोन श्वसनक्रिया धरून २६ क्रियांचा दीड तासाचा वर्ग, साधारण ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता राखलेल्या बंद खोलीत होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, पण हवा कोरडीठक्क असते. घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो आणि किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तर सकाळी दहालाच भट्टी पेटलेली असते.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत माझा वर्ग साडेपाचला सुरू होऊन साडेसहाला संपतो. त्या दिवसांत सूर्यनमस्कारांची आवर्तने कमी, बसून व पडून करायची आसने जास्त, आणि शेवटी शीतली प्राणायाम असा क्रम ठेवते. शीतलीत हवा तोंडावाटे, नाकातील गाळणीशिवाय आत जाते, म्हणून वावटळ उठलेली असताना ती टाळावी. हिवाळ्यात याच्या उलट करावे : अष्टांग विन्यासासारखा गतिमान सराव शिकायला आपल्याकडे कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

१२. आम्ही दिवसभर शेतात राबतो. आम्हाला योग कशाला, आणि केला तर कोणता?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण बहुतेक योगवर्ग खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. सोयाबीनची खुरपणी, कापसाची वेचणी, ऊसतोडणी यांत शरीर कमरेतून पुढे वाकलेले राहते, आणि ऊसतोडीत तर वर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे असते. अशा माणसाला संध्याकाळी आणखी पुढे वाकायला लावणे, म्हणजे पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन किंवा वीस-पंचवीस सूर्यनमस्कार सांगणे, हे थकल्या पाठीवर आणखी ओझे देणे आहे. त्याच्या शरीराला श्रम पुरेसे मिळालेले असतात. तोल आणि विसावा मिळत नाही.

म्हणून शेतात काम करणाऱ्यांसाठी मी गतिमान शैली सुचवत नाही. अय्यंगार पद्धतीतील आधार घेऊन केलेली आसने आणि बिहार पद्धतीतील सांध्यांच्या हालचाली एवढे पुरते. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन भिंतीला पाय लावून विपरीत करणी पाच ते दहा मिनिटे, मग गुडघे उभे ठेवून सेतुबंधासन, पालथे होऊन हलके भुजंगासन आणि एकेका पायाचे अर्धशलभासन, खुरप्याने आखडलेली बोटे व मनगटे मोकळी करणाऱ्या हालचाली आणि शेवटी पिंडऱ्या वळकटीवर ठेवून शवासन. सगळे मिळून अर्ध्या तासाच्या आत होते. शेतमजूर बायांना हे बाजेवर न करता जमिनीवरच करायला सांगते, कारण बाजेच्या झोळात पाठीला सरळ आधार मिळत नाही. सुगीच्या दिवसांत एवढेही जमले नाही तर विपरीत करणी आणि शवासन या दोनच गोष्टी सोडू नयेत.

१३. आईला गुडघेदुखी आहे. वज्रासनात बसता येत नाही. तिच्यासाठी वर्ग आहे का?

गुडघ्याची झीज झालेल्यांना वज्रासन, पद्मासन आणि मांडीची सक्ती करणारा वर्ग टाळावा, मग तो कोणत्याही शैलीचा असो. जेवणानंतर वज्रासनात बसलेच पाहिजे या समजुतीपायी वयस्कर बायका दुखणे सोसत बसतात, ते थांबवावे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून मांडीचे स्नायू घट्ट करणे व सोडणे, भिंतीला हात लावून उभ्याची आसने आणि खुर्चीवरच प्राणायाम हे सर्व आईंना करता येईल. त्यासाठी पवनमुक्तासनाचा पहिला गट किंवा अय्यंगार पद्धतीचा ज्येष्ठांचा वर्ग शोधावा. खुर्चीवर केलेला योग कमी दर्जाचा असतो, असे त्यांना कोणीही सांगू देऊ नये.

१४. रक्तदाब, साखर, थायरॉइड किंवा मणक्याचा त्रास असेल तर कोणती शैली?

शैलीपेक्षा काय वर्ज्य आहे ते आधी पाहावे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल तर शीर्षासन, सर्वांगासन, भस्त्रिका, जलद कपालभाती आणि श्वास रोखून धरणे नको. कुंभकाशिवाय अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शवासन चालते. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारे प्रत्येक आसन टाळावे, त्यात अधोमुख श्वानासनही आले, कारण अशा स्थितीत डोळ्यातील दाब वाढतो. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा खराब झालेल्यांनाही हेच लागू आहे.

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी दीड तासाचा अष्टांग विन्यास करू नये. खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा, आणि तळपाय बधिर असतील तर सरावानंतर जखम झाली आहे का ते रोज पाहावे. मणक्याची चकती सरकली असेल तर पुढे वाकणे बंद. हाडे ठिसूळ झालेल्यांनीही पाठ गोल करून वाकू नये. हर्निया असलेल्यांनी कपालभाती करू नये. थायरॉइडसाठी सर्वांगासन सांगितले जाते, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करणे धोक्याचे आहे. या सर्वांसाठी प्रश्न ३ व ६ मधील पद्धती अधिक सोयीच्या, कारण त्यांत आसन माणसाप्रमाणे बदलण्याची रीत आधीपासूनच आहे.

१५. पाळीत आणि गरोदरपणात कोणती पद्धत काय सांगते?

पाळीच्या दिवसांत अष्टांग विन्यासात परंपरेने विश्रांती सांगितली आहे, तर अय्यंगार पद्धतीत उलटी आसने वगळून वळकटीवर पाठ टेकून केलेले सुप्त बद्धकोनासन यांसारखा वेगळा क्रम दिला जातो. मला स्वतःला हा दुसरा मार्ग पटतो, कारण ओटीपोटाला आराम मिळतो आणि सरावही तुटत नाही. गरोदरपणात कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणे, पोटावर पडून करायची आसने आणि पोट पिळणारे वळसे सर्वच पद्धतींत वर्ज्य समजावेत. पहिल्यांदाच योग सुरू करायचा तर तो प्रसूतितज्ज्ञांच्या संमतीने आणि गरोदर स्त्रियांना शिकवण्याचा अनुभव असलेल्या शिक्षिकेकडेच.

१६. आम्ही मुस्लिम आहोत. वर्गात ॐ किंवा मंत्र म्हणावाच लागतो का?

अय्यंगार वर्गाची सुरुवात पतंजलींच्या प्रार्थनेने होते, म्हैसूर परंपरेत आरंभी व शेवटी मंत्र असतो, शिवानंद परंपरेतही प्रार्थना असते. ती चालू असताना शांत बसून राहिल्याने सरावात काहीही उणे राहत नाही. सूर्यनमस्कार अंक मोजून करता येतात आणि भ्रामरीत तर केवळ गुंजन आहे. माझ्या वर्गात मुस्लिम भगिनी वर्षानुवर्षे येत आहेत आणि कोणाला काही सांगावे लागलेले नाही. रोज्यांच्या महिन्यात पाणीही घेता येत नसल्याने घाम काढणारा सराव सोडावा. इफ्तारच्या आधी सांध्यांच्या हालचाली आणि शवासन एवढेच ठेवावे.

१७. दोन-तीन शैली एकत्र केल्या तर चालेल का? आणि शैली आपल्याला मानवली हे किती दिवसांत कळते?

आधी एकच पद्धत निदान सहा महिने करावी. त्यानंतर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी, अशी जोड चांगली बसते. गतिमान सराव सकाळी, योगनिद्रा रात्री. एकाच तासात तुकडे जोडण्यातली अडचण प्रश्न ९ व १० मध्ये आली आहे. मानवल्याची खूण सरावात शोधू नये. सरावानंतर दोन तासांनी तुम्ही कामाला ताजे आहात की गळून गेला आहात, झोप आणि पोट कसे आहे आणि दुसऱ्या दिवशी सांधा दुखतो की स्नायू, हे पाहावे. स्नायूंचा ताण दोन-तीन दिवसांत जातो. सांध्यातली कळ रोज येत असेल तर ती शैली, किंवा ती शिकवण्याची रीत, तुमच्यासाठी योग्य नाही.

१८. तालुक्याच्या ठिकाणी चांगला शिक्षक कसा ओळखावा? प्रमाणपत्र पुरेसे आहे का?

आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाची परीक्षा उत्तीर्ण असणे ही चांगली सुरुवात आहे. ‘दोनशे तासांचा कोर्स’ हे प्रमाणपत्र बहुधा अमेरिकेतील योग अलायन्स या नोंदणी संस्थेच्या निकषांवर दिलेले असते. त्यात कोणती शैली शिकवली हे विचारावे. मी त्याहून अधिक महत्त्व वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या पाच मिनिटांना देते. नव्या माणसाला आजार, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांविषयी शिक्षक विचारतात का, ज्याला आसन जमत नाही त्याला दुसरा पर्याय देतात का, आणि न विचारता अंगावर दाब देऊन वाकवतात का, एवढे पाहावे. शवासनाला वेळ न उरणारा वर्ग टाळावा. जवळपास शिक्षकच नसतील तर पवनमुक्तासन आणि योग दिनाचा ४५ मिनिटांचा सामान्य योग अभ्यासक्रम व्हिडिओवरून शिकायला हरकत नाही. उलटी आसने, कुंभक आणि शुद्धिक्रिया मात्र कोणाच्या तरी नजरेखालीच शिकाव्यात.

१९. जलनेती शिकलो, पण आमच्याकडे टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते. त्याने केली तर चालेल का?

तसेच घेतलेले पाणी कदापि चालणार नाही. नाकातून जाणाऱ्या पाण्यात सूक्ष्म जीव असतील तर मेंदूपर्यंत जाणारा, दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो आणि पिण्यासाठी सुरक्षित असलेले पाणीही नाकासाठी सुरक्षित असतेच असे नाही. पाणी खळखळून उकळावे, झाकून कोमट होऊ द्यावे आणि अर्धा लिटरला चहाचा एक सपाट चमचा साधे मीठ घालावे. मीठ कमी पडले तर नाकात झोंबते. बोअरचे पाणी आधीच खारट असेल तर ते न वापरता गाळलेले पाणी उकळून घ्यावे. नेतीपात्र दर वेळी धुऊन पूर्ण वाळवावे. क्रिया झाल्यावर कमरेतून पुढे वाकून, मान दोन्ही बाजूंना वळवत, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलक्या फुंकांनी उरलेले पाणी काढावे. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाकडे जाते. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा सर्दीने नाक पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी करू नये. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरते. टंचाईच्या दिवसांत अर्ध्या लिटरमध्ये दोन्ही बाजू होतात, त्याहून अधिक पाणी लागत नाही.